तीन रविवार आणि घरातला काटा

रविवारी मास्तरणीकडे जेवायला या, एवढाच निरोप होता. पण तीन जिने चढून आत्या दारापाशी दम खात उभ्या राहिल्या, तेव्हा आतून येणारी कुजबुज जेवणाची नव्हती. पळी-पातेल्यांच्या आवाजाआड दोघी बोलत होत्या, आणि ती कुजबुज अशी, की शेजारच्या बिऱ्हाडालाही ऐकू जावी.

"पर्समध्ये बिस्किटांचा पुडा होता गं. अर्धा संपलेला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला."

"आई, तू तिची पर्स उघडलीस?"

"उघडीच होती. मी फक्त वाकले."

आत्यांनी घंटा न वाजवता सरळ दार ढकललं. स्वयंपाकघरात त्यांची भावजय एकदम बटाटे सोलू लागली. ते बटाटे आधीच सोललेले होते.

"या वन्सं, या. जिने चढवले ना हो तुम्हाला?"

"मला जिन्यांनी चढवलं. तुला कोणी चढवलं?" आत्या म्हणाल्या आणि पिशवी खुर्चीला अडकवून बसल्या. "बिस्किटं माझ्याही पिशवीत आहेत. सुई घेतेय तेव्हापासून, अठ्ठावन्न वर्षं आहेत. साखर एकदम खाली गेली, तर दुकान शोधत फिरायचं का आम्ही?"

मास्तरीण, म्हणजे भावजयीची लेक, शाळेत गणित शिकवायची आणि घरीही शिकवल्यासारखंच बोलायची. तिने हात पुसले. "आत्या, प्रश्न बिस्किटांचा नाहीच. प्रश्न आकड्यांचा आहे. तीन आठवडे झाले. ती म्हणते मोजून खाते, तोलून खाते, सुई वेळेवर घेते. मग जेवणानंतर एकशे ऐंशी, एकशे नव्वद येतात कुठून? एकशे चाळीसच्या आत हवेत. दोन अधिक दोन पाच व्हायला लागले, की कोणीतरी काहीतरी लपवतंय, एवढं तर मी चौथीच्या मुलांकडून शिकलेय."

"आणि डॉक्टरीणबाई गुरुवारी काय म्हणाल्या ते माहितेय ना?" भावजय हळू आवाजात म्हणाली. "बाळाचं पोट आठवड्याच्या मानाने मोठं दिसतंय. सोमवारपर्यंत आकडे उतरले नाहीत, तर भरती. बाळंतपणापर्यंत. अडीच महिने, वन्सं!"

"आणि तिला ते नकोय," मास्तरीण म्हणाली. "म्हणून आज सगळ्यांना बोलावलंय. दादाचं तर बायकोपुढे तोंडच उघडत नाही. सगळ्यांनी मिळून सांगितलं, तर ऐकेल. खोलीसाठी मी दवाखान्यात फोनसुद्धा करून ठेवलाय."

दवाखान्यातली एक खोली आत्यांच्याही ओळखीची होती. चाळीसहून अधिक वर्षं झाली तिला.

दिवाणखान्यात खिडकीजवळ ती बसली होती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. आत्यांच्या भाच्याची बायको. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिचं काम जमिनीखालच्या गळत्या शोधण्याचं, म्हणून नवऱ्यासकट सगळं घर तिला नळवाली म्हणायचं. लग्नाच्या आधीच तिने सासरच्यांना बसवून सांगितलं होतं, "मला नवव्या वर्षापासून मधुमेह आहे. सुई जन्मभर घ्यावी लागणार. नंतर कोणी म्हणू नका, सांगितलं नाही." त्या दिवशी आत्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं होतं. आपल्या वेळी ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवायला आईने दंडाच्या बाह्या लांब शिवून घेतल्या होत्या, हे त्यांना आठवलं होतं.

आणि मूल हवं असं ठरलं, तेव्हाही या मुलीने आधी सहा महिने साखर जागेवर आणली, डोळे तपासून घेतले, मूत्रपिंड तपासून घेतलं, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या सुरू केल्या आणि मग नवऱ्याला सांगितलं, "आता चालेल." भाचा लाजून लालेलाल होऊन ही गोष्ट सांगायचा. "आत्या, लोक मुहूर्त बघतात, हिने तर रिपोर्ट बघितले!"

"आलात आत्या?" नळवालीने सरकून जागा केली. सत्ताविसावा आठवडा. मांडीवर पिवळी वही, दंडावर रुपयाएवढी चकती, शेजारी फोन. फोनवर दर पाच मिनिटांनी साखरेचा ठिपका पुढे सरकत होता. बोटांच्या टोकांवर तरीही टोचल्याचे बारीक डाग होते, कारण चकतीवर तिचा पूर्ण भरवसा नव्हता. एका मापाची दुसऱ्याने खात्री करायची, ही तिच्या कामातली सवय.

"कोर्टात हजर झालेय," ती हसून म्हणाली. "वकील म्हणून तुम्हीच आहात ना?"

"मी साक्षीदार," आत्या म्हणाल्या. "वय झालं, वकिली झेपत नाही मला."

तिच्या हसण्याखाली थकवा होता. पोटात मूल असलेल्या बाईच्या ताटाकडे सगळं घर बघतं. तिच्या डोळ्यांखाली बघायला फारसं कोणाला सुचत नाही.

तेवढ्यात तिचा नवरा आणि सासरे खालून पाव घेऊन आले. सासरे म्हणजे आत्यांचा पाठचा भाऊ, सहासष्ट वर्षांचा, तरी आत्यांसाठी अजून धाकटाच. वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा त्यांच्या वडिलांपासूनचा कारखाना होता. शहरातल्या निम्म्या दुकानांचे काटे त्याच्या हातून गेलेले. खिशात रुमाल नसला तरी चालेल, पण मखमलीच्या डबीतली पितळी वजनं असायचीच. कुठेही गेला की आधी तिथला काटा तपासायचा. मिठाईवाले त्याला बघून पुढचा काटाच आत नेत, अशी त्याची ख्याती.

"काय गं नळवाले," त्याने विचारलं, "सकाळी खाल्लंस ना नीट?"

"खाल्लं बाबा. तुमच्याच काट्यावर तोलून."

"हां," तो म्हणाला आणि पावाची पिशवी घेऊन घाईने आत गेला.

जेवणाआधीच विषय निघाला. मास्तरणीने फळ्यासमोर उभं राहावं तसं टेबलाच्या टोकाला उभं राहून सगळं मांडलं. खोली, खर्च, सुट्टी, कोण कधी सोबतीला राहणार. नळवालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं तुमचं? आता मी बोलू?" ती म्हणाली. "भरती व्हायला मी घाबरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तर उद्याच बॅग भरीन. पण कारण कळल्याशिवाय नाही. पोटातली वार मोठी होते तशी साखर चढते, इन्सुलिन वाढवावं लागतं, हे मलाही माहितेय. मी दर आठवड्याला वाढवलं, त्यांना विचारूनच वाढवलं. उतरायला हवं होतं. थोडं उतरतं आणि रविवार गेला की पुन्हा तिथेच. कुठेतरी गळतंय. रस्ता खणायच्या आधी मला ते कुठे, ते शोधायचंय."

"आणि शोधेपर्यंत बाळाचं काय?" सासूबाईंचा आवाज फुटला. "अगं, रागवू नकोस, पण भूक लागते या दिवसांत. खाल्लं असशील चोरून, तर सांग. मी आई आहे, मी काय खाऊन टाकणार आहे का तुला?"

भाचा म्हणाला, "आई!" मग तो बायकोकडे वळला आणि खाली बघत म्हणाला, "म्हणजे... तसं काही नाही ना गं?"

आत्यांना वाटलं, याच्या पाठीत एक धपाटा घालावा. नळवालीने त्याच्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"जेवू या," ती म्हणाली. "उशीर झाला तर माझं वेळापत्रक बिघडतं."

तिने पिशवीतून डबा काढला. घरून तोलून आणलेले उकडलेले बटाटे, झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर बारीक अक्षरात '१५०'. मास्तरीण लगेच म्हणाली, "माझ्या घरी येऊन डबा? अगं, माझ्याकडे काय काटा नाही?"

"काटेवाल्याची लेक आणि बाजारातला काटा," धाकटा पुटपुटला. "मी चांगला करून दिला होता तुला."

"दिला होता, बाबा. पण त्यावर तोलून केलेला एकही केक फुगला नाही. अंडी मोजून घालायचे, पीठ तोलून. आणि दर वेळी वीट! शेवटी हा घेतला. आता बघा, केक असा, की हात लावला तर दबतो."

सगळे हसले. धाकटा हसला नाही. आत्यांच्या मनात तेव्हा काहीतरी खुट्ट झालं, पण ताटं वाढायच्या गडबडीत ते तसंच राहिलं.

नळवालीने डबा तसाच बाजूला ठेवला आणि मास्तरणीच्या काट्यावर भात तोलला, बटाटे तोलले, पाव तोलला. वहीत लिहिलं, मनात गुणलं, इन्सुलिनच्या पेनाची टोपी काढली, आकडा फिरवला आणि सुई टोचली. हे सगळं करताना तिने सासऱ्यांना मीठ सरकवलं, नवऱ्याच्या बाहीला लागलेला डाग दाखवला. आत्या बघत राहिल्या. त्यांच्या तरुणपणी काचेची सिरिंज उकळून घ्यायची असे, जाड सुई दगडावर घासून टोकदार करायची असे. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी होती म्हणून निळं द्रावण मिळायचं. परीक्षानळीत लघवीचे आठ थेंब टाकून तापवायचे. हिरवं झालं तर बरं, पिवळं झालं तर वाईट, विटेसारखं लाल झालं की रडायचं. दिवसाला एक रंग. तेवढ्या उजेडावर त्यांनी आठ महिने पोटातलं पोर सांभाळलं होतं. आणि एका सकाळी ते गप्प झालं. "तुमच्यासारख्यांनी या फंदात पडायचंच नसतं," असं त्या खोलीतली एक बाई म्हणाली होती. पुढे कितीतरी वर्षं आत्यांनी ते खरं मानलं.

जेवण झालं. ताटं उचलली गेली. पाऊण तास उलटला असेल. मास्तरीण पुन्हा खोलीच्या गोष्टीवर आली होती आणि नळवाली तिला उत्तर देत होती.

"मी उद्या... उद्या वही घेऊन... वही घेऊन उद्या..."

आत्यांनी मान वळवली. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. त्याच क्षणी फोन कर्कश वाजला. अठ्ठावन्न, आणि बाण सरळ खाली.

"अगं बाई! आत्ता तर जेवली!" सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "केक द्या, केक! नाही, पाणी शिंपडा! गाडी बोलवा रे!"

"कोणी काही करायचं नाही!" आत्यांचा आवाज इतका चढला, की धाकटा उभा होता तो खाली बसला. "मास्तरणी, फळांचा रस. तो लहान ग्लास, अर्ध्याच्या वर थोडा. केक नको, लोण्याने उशीर होतो. भाच्या, बोटातून रक्त घेऊन बघ, येतं ना? आणि तू, घे. पी. माझ्याकडे बघत पी."

नळवालीने दोन्ही हातांनी ग्लास धरला. ती प्यायली, आणि पिऊन झाल्यावर जड जिभेने पहिला शब्द काढला तो, "किती वाजले?"

"दोन वाजून दहा."

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

ती पंधरा मिनिटं त्या घरात कोणी विसरलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं, आणि काही न करणं या घरातल्या माणसांना कधीच जमलेलं नव्हतं. भाचा बायकोचे पाय मांडीवर घेऊन बसला होता. भावजय कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी. आत्यांनी नळवालीचा ओला तळवा आपल्या हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या.

दोन पंचवीसला आकडा शहात्तर झाला. दोन चाळीसला नव्वद. चेहऱ्यावर रंग आला. तिने पोटावर हात ठेवला, वाट पाहिली आणि म्हणाली, "लाथा चालू आहेत. रागावलंय."

"बघितलंस?" मास्तरीण म्हणाली. "म्हणूनच मी म्हणतेय..."

"ताई, थांबा." नळवाली उठून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी निराळंच होतं. "तुम्ही म्हणालात, मी चोरून खाते. चोरून खाणाऱ्या बाईची साखर जेवून पाऊण तासाने अशी पडते?"

मास्तरीण खुर्चीत बसली. गणित तिला कळत होतं.

"वही द्या."

तिने पिवळी वही उघडली आणि बोट फिरवू लागली. तिच्यासारखी एकाग्र झालेली माणसं आत्यांनी फक्त काट्याच्या कारखान्यात पाहिली होती. पान उलटत होतं, ओठ हलत होते.

"कचेरीत दुपारी पुड्यातली बिस्किटं खाल्ली. पुड्यावरचा आकडा बघून सुई. खाली. बुधवारी दह्याचा डबा, छापील आकडा. खाली. शनिवारी पुन्हा बिस्किटं. खाली. ते मी कामाच्या धावपळीवर ढकललं होतं. घरचं जेवण, वर. घरून नेलेला डबा, वर. आज ताईंकडे, खाली." तिने मान वर केली. "छापील आकड्यावर खाल्लं की खाली. घरी तोलून खाल्लं की वर. दोन मीटरमध्ये फरक येतोय. म्हणजे पाणी मधेच कुठेतरी जातंय."

"म्हणजे?" भाचा म्हणाला.

"तो डबा आणा."

डबा आला. बशी काट्यावर ठेवून तिने आकडा शून्यावर आणला आणि बटाटे ओतले. चिकटपट्टीवर दीडशे. काट्यावर एकशे शहात्तर.

"तुझा काटा बिघडलाय," भाचा बहिणीला म्हणाला. "बाजारातला तो!"

"बाबा," नळवाली म्हणाली, "तुमची वजनं द्या."

धाकट्याने डबी खिशातून काढायला फार वेळ लावला. शंभराचं पितळी वजन तिने चिमटीत धरून काट्यावर ठेवलं. शंभर. पन्नासाचं ठेवलं. पन्नास. ना एक इकडे, ना एक तिकडे.

आत्यांच्या मनात मघाशी खुट्ट झालेलं आता पूर्ण उघडलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. साठ वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर. टंचाईची वर्षं. आई सकाळी मुलांचे पाव तोलायची, तुकड्यावर तुकडा कापून, शेवटचा कण सुरीने परत काढून. आणि बाबा रात्री हळूच तो काटा उघडून आतली तार वळवायचे, म्हणजे आईला वाटावं आपण काटकसर केली, आणि मुलांच्या पोटात मात्र दोन घास जास्त जावेत. 'गिऱ्हाइकाचा काटा खरा हवा. घरचा काटा मायेचा असावा.' हे बाबांचं वाक्य. बहीण-भाऊ दोघंही ते गुपित जाणून होते, आणि आईला मरेपर्यंत कळलं नव्हतं. ते माहीत असूनही आत्या तीन आठवडे या मुलीचे आकडे ऐकत बसल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"धाकट्या," त्या म्हणाल्या. "बाबांचा काटा केलास का रे तू?"

भावाने मान खाली घातली. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण अगदी आठ वर्षांचा दिसत होता.

"चिमणीएवढं खायची," तो म्हणाला. "पोटात पोर, आणि ताटात बघावं तर चार बटाट्याच्या फोडी. माझ्यानं बघवेना. मी म्हटलं, काटा करून देऊ, आपल्या हातचा. थोडा मऊ, कमी दाखवणारा. ती मोजून खाईल, आणि तिला नकळत... दोन घास..."

"बाबा!" भाचा ताडकन उभा राहिला. "तुम्हाला कळतं का, काय केलंत ते? आम्ही तिच्यावर—" आणि तिथेच तो थांबला, कारण 'आम्ही'मध्ये तोही होता.

सासूबाई मटकन बसल्या. "आणि मी तिला चोर म्हणाले."

सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे फिरत होती. आता राग कोणी, कोणावर आणि किती करायचा, हे कोणालाच ठरवता येईना. फक्त जिला रागवायचा पहिला हक्क होता, ती पेन शोधत होती.

"बाबा, इकडे बसा," नळवाली म्हणाली. "मला तारखा सांगा. कधी केलात आणि किती?"

"रागाव ना आधी," धाकटा म्हणाला. "रागावलीस तर बरं वाटेल मला."

"रागावणार आहे. पण ते नंतर. आत्ता माझं डोकं ताजं आहे. कधी आणि किती?"

ज्याने आयुष्यात हजारो काटे उघडले आणि एकाचीही दुरुस्ती डोक्यातून जाऊ दिली नाही, त्याने डोळे मिटून सांगितलं. "दिला त्या रविवारी शंभराला पाच कमी. पुढच्या रविवारी पुसायला घेतला तेव्हा दहा. मागच्या रविवारी पंधरा."

"म्हणून दर रविवारनंतर चढायचं! मी इन्सुलिन वाढवलं की तुम्ही काटा वाढवायचात." ती लिहीत होती. "आणि आज?"

"आज... संध्याकाळी पुसायला घेणार होतो."

आत्यांना हसू फुटलं. ते वाईट हसू होतं, रडण्याच्या काठावरचं, पण थांबेना. मग नळवालीही हसली, हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग मात्र ती खरंच रागावली. आवाज न चढवता.

"बाबा, तीन आठवडे मी रोज स्वतःला विचारत होते की माझं काय चुकतंय. वीस वर्षं हे शरीर मी स्वतः चालवतेय. तुमच्यामुळे मी माझ्याच हिशेबावरचा विश्वास घालवून बसणार होते. माया करायची तर करा, पण मला सांगून करा. मला दोन घास जास्त हवे असतील तर मी खाईन, आणि दोन थेंब जास्त घेईन. एवढंच तर असतं. पण मला कळायला हवं."

"चुकलो," धाकटा म्हणाला. "पन्नास वर्षांत एका दुकानाचा काटा खोटा केला नाही. आणि केला तो घरच्या लेकराचा."

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. वाकडं-तिकडं काही न बोलता तारखा, टक्के, मात्रा, आकडे सांगितले, आजचं अठ्ठावन्नही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी नवी मात्रा सांगितली, ती तिने दोनदा वाचून दाखवली. फोन ठेवून ती म्हणाली, "त्या म्हणाल्या, बिघडलेल्या मापाचे तीन आठवडे मी धरणार नाही. सोमवारी वही घेऊन ये, बाळाची तपासणी करू, आणि पुढचे सात दिवस बघून ठरवू. आणि म्हणाल्या," तिला पुन्हा हसू आलं, "सासऱ्यांनाही सोबत आण. त्यांच्या दवाखान्यातला बाळांचा काटा तपासायचाय."

मास्तरीण उठून आत गेली. भांडी घासायचा आवाज आला. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि वहिनीसमोर केकची बशी ठेवली. "तोललाय," ती खाली बघत म्हणाली. "ऐंशी ग्रॅम. पीठ किती, साखर किती, तेही लिहिलंय कागदावर. आत्ता नको असेल तर उद्या खा. आणि त्या खोलीसाठी... मी फोन करून नको म्हणून सांगते." माफी मागायची तिची ही रीत होती, आणि नळवालीला ती कळली.

संध्याकाळी सगळेच नळवालीच्या घरी गेले. कोणालाही आपापल्या घरी जाववेना. धाकट्याने स्वयंपाकघरातला काटा टेबलावर घेतला, मागचं झाकण उघडलं आणि मखमलीच्या डबीतली वजनं एकेक ठेवत, डोळ्यांत तेल घालून, तो खरा केला. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे. प्रत्येक वेळी नळवालीने वाकून आकडा बघितला. मग त्याने कारखान्याच्या पिशवीतून तार काढली, शिशाचा मणी काढला. दुकानांच्या काट्यांना लावतात तो शिक्का. एकदा लागला की तार तोडल्याशिवाय झाकण उघडत नाही. घरच्या काट्याला शिक्का या कुटुंबात कधी कोणी लावला नव्हता. त्याने तार ओवली, मणी चढवला आणि शिक्क्याचा चिमटा सुनेच्या हातात दिला.

"तू दाब. आता मलाही उघडता यायचा नाही."

तिने दोन्ही हातांनी दाबलं. शिसं चेपलं.

साडेसातला तिने तोललं, सुई घेतली, जेवली. मग सगळे एक तास टेबलाभोवती बसून राहिले. सासूबाईंनी तिची पर्स हातात घेतली, सर्वांच्या देखत बिस्किटांचा नवा पुडा आत ठेवला आणि पर्स जागेवर ठेवली. भाच्याने बायकोचा हात धरला. तिने तो लगेच सोडवून घेतला नाही, पण घट्टही धरला नाही. त्याला अजून थोडे दिवस लागणार होते, हे आत्यांनी ओळखलं.

साडेआठला फोनवर आकडा आला. तिने तरी बोट टोचून पाहिलंच. एकशे एकतीस.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकट्याने चष्मा काढून पुसला. नळवालीने वहीत आकडा लिहिला, त्याच्यासमोर एक छोटी रेघ मारली आणि वही आत्यांकडे सरकवली.

"तुम्ही बघा ना. बरोबर आहे ना?"

आत्यांनी वही घेतली. पानभर आकडे होते, दिवसाचे दहा-दहा, तीन आठवडे खोट्या मापावर झगडलेले, तरी एकही रकाना रिकामा नाही. त्यांच्या नळीत दिवसाला एक रंग असायचा. त्यांनी शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं, जसं कोणी झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून आपली जुनी डबी काढली, सुया ठेवायची, आणि काट्याजवळ ठेवत म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात मीही येणार आहे. त्या खोलीतल्या बाईने मला एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती, हे एकदा जाऊन बघायचंय मला."

"कोणती गोष्ट, आत्या?"

"सांगेन. आधी तो पाव तोल माझ्यासाठी," आत्या म्हणाल्या. "अठ्ठावन्न वर्षं अंदाजानेच खातेय मी."